मुंबई ते गोवा शिडाच्या होडीने : रात्री नांगर कुठे टाकायचा?

अनघा_दांडियाबाजार

नमस्कार मंडळी. मी बडोद्याची, दांडिया बाजारात राहते. मुंबईच्या मामेभावाकडे 28 फुटांची शिडाची होडी आहे. एक डोलकाठी, दोन शिडं, आत लहान डिझेल इंजिन, चार जणांना झोपायला जागा. होडी पाण्यात 1.4 मीटर बुडते. जानेवारीत आम्ही चौघं भावंडं मुंबईहून निघून किनाऱ्याकिनाऱ्याने गोव्याला जायचं म्हणतोय. घाई नाही. दिवसा चालायचं आणि रात्र कुठेतरी आडोशाला नांगरावर काढायची.

शीड हाताळायला मी भोपाळच्या बड्या तलावावर शिकले. दादा मुंबई बंदरात आणि मांडव्यापर्यंत नेहमी जातो, पण अनोळखी खाडीत रात्रभर नांगर टाकून राहायचा अनुभव आमच्यापैकी कुणालाच नाही. आठवडाभर उपग्रहाची चित्रं बघून मी जागा काढल्या आहेत : काशीद, मुरुड, बाणकोट, हर्णै, गुहागर, जयगड, गणपतीपुळे, विजयदुर्ग, देवगड, मालवण. चित्रात या सगळ्याच जागा शांत दिसतात, आणि त्याचीच मला शंका येते.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. जागा खरोखर आडोशाची आहे हे आधी कसं ओळखायचं? यातल्या कोणत्या खोडाव्यात? आणि बडोद्याच्या तिघांना मुंबईपर्यंत जाण्याऐवजी होडीच खंभातच्या आखातातल्या दहेज बंदराच्या बाजूला आणून तिथून सुरुवात करता येईल का? आईला निरोप द्यायला किनाऱ्यावर यायचं आहे, म्हणून हे शेवटचं विचारते.

वाघोटन

अनघाताई, मीही बडोद्याचाच, अकोट्यात राहतो. नोकरी सगळी बंदरांच्या मोजणीच्या लाँचवर झाली. निवृत्तीनंतर थंडीत मित्राच्या होडीवर जातो. तुमचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं, कारण बहुतेक लोक होडीचा वेग विचारतात, रात्रीचं कुणी विचारत नाही. सविस्तर लिहितो.

कुठल्याही जागेला कायमची आडोशाची म्हणू नका. कोणत्या महिन्यात, कोणत्या वाऱ्याला आणि कोणत्या तिथीला, हे सोबत सांगितलं तरच त्या शब्दाला अर्थ आहे. रत्नागिरीचंच बघा. किल्ल्याचं टोक समुद्रात घुसलेलं आहे. त्याच्या उत्तरेला भगवती बंदर आणि मिरकरवाडा, दक्षिणेला मांडवी. जानेवारीत लाट वायव्येकडून येते, तेव्हा मांडवीची बाजू टोकाच्या आड असते. मेच्या मध्यापासून नैर्ऋत्येची लाट सुरू झाली की तीच मांडवी उघडी पडते आणि लोक उत्तर बाजूला सरकतात. मांडवीला पाणी उथळ आहे आणि कातळ आहेत, म्हणून तिथे राहायलाच हवं असं मी म्हणत नाही. टोक कुणाच्या आड येतं हे बघायची सवय लागावी म्हणून सांगितलं.

तुमच्या यादीतून काशीद, गुहागर आणि गणपतीपुळे रात्रीसाठी काढून टाका. तिन्ही पुळणी, म्हणजे वाळूचे किनारे, पश्चिमेला सताड उघड्या आहेत. उपग्रहाचं चित्र सकाळच्या शांत वेळेचं असतं, ते बघून फसायला होतं. त्याच साधनात जुन्या तारखांची चित्रं बघता येतात, ती काढा. किनाऱ्याला लागून पांढऱ्या फेसाची पट्टी किती रुंद आहे आणि किती ओळींत आहे ते बघा. एप्रिलच्या चित्रात तीन ओळी दिसल्या तर जानेवारीतही तिथे झोप लागणार नाही. खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा, म्हणजे पाण्याखालचा लांबट उंचवटा, वर्षावर्षाला कुठे सरकलाय तेही याच चित्रांत दिसतं. खोली मात्र चित्रावरून कधीच ठरवू नका. त्यासाठी देहरादूनच्या राष्ट्रीय जलालेखन कार्यालयाचे नकाशे आणि भरती-ओहोटीचे तक्ते आहेत, ते विकत घ्या.

आता वारा. डिसेंबर ते फेब्रुवारी कोकणात दिवसाचे दोन भाग पडतात. रात्री उशिरा जमिनीवरून मतलई सुटतो, ईशान्य-पूर्वेचा, हलका, आणि सकाळी नऊ-दहापर्यंत टिकतो. मग तासभर सगळं पडतं. दुपारी बाराच्या सुमारास खारा वारा भरायला लागतो, वायव्येचा, आणि दोन ते पाच त्याचा जोर असतो. दक्षिणेला जाणाऱ्याला हे दोन्ही वारे सोयीचे. म्हणून पहाटे पाचला नांगर उचला, मतलईवर किनारा धरून चाला, खारा वारा आला की तो मागच्या बाजूने घ्या आणि तीन वाजायच्या आत आत शिरा. तुमच्या होडीला ताशी साडेचार सागरी मैल सहज मिळावेत.

अंतरं काढायची एक सोपी रीत. हा किनारा जवळजवळ उत्तर-दक्षिण आहे आणि अक्षांशाचा एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल. त्यामुळे दोन बंदरांच्या अक्षांशांची वजाबाकी केली की अंतर हातात येतं. मुंबई ते जंजिरा सुमारे 36, तिथून हर्णै 30, हर्णै ते दाभोळ 14, दाभोळ ते जयगड 17, पुढे रत्नागिरी 19, विजयदुर्ग 26, देवगड 11, मालवण 20, आणि मालवण ते गोव्यातलं आग्वाद 34 च्या आसपास. टोकांना वळसे पडतात, म्हणून प्रत्येक टप्प्यात दोन-तीन मैल जास्त धरा. एका दिवसात न होणारा टप्पा यात एकही नाही.

संध्याकाळी खारा वारा पडतो, पण त्याने उठवलेली लाट रात्रभर येत राहते. उघड्या जागेत नांगरलेली होडी मध्यरात्री मतलईला तोंड देते, म्हणजे नाळ, होडीचं पुढचं टोक, पूर्वेला होते आणि लाट मागून, तिरकी येते. मग होडी रात्रभर कुशीवर डोलते, भांडी आपटतात आणि दुसऱ्या दिवशी चौघंही थकलेले असतात. समुद्रावर थकवा हाच मोठा धोका आहे. म्हणून टोकाच्या नुसतं मागे थांबू नका. खाडीचं पहिलं वळण ओलांडून आत जा, जिथून मोकळा समुद्र डोळ्यांना दिसत नाही. समुद्र दिसत नसेल तर लाटही पोचत नाही.

दुसरी गोष्ट, होडी रात्रीत पूर्ण उलटी फिरते. संध्याकाळी वायव्येकडे तोंड करून टाकलेला नांगर पहाटे उलट दिशेने ओढला जातो, आणि खाडीत भरती-ओहोटीच्या प्रवाहाने वेगळी फिरते. म्हणून जागा निवडताना साखळीच्या लांबीचं वर्तुळ मनात काढा आणि त्यात कातळ, दुसरी होडी किंवा जाळ्याचा बोया येत नाही ना ते बघा.

आणि आता वाळूचे दांडे, कारण मला खरी काळजी त्यांची वाटते. सावित्रीच्या तोंडाशी, म्हणजे बाणकोटला, वाळूचा दांडा आहे. केळशी, आंजर्ले, पूर्णगड इथेही तेच. बाहेर जाणाऱ्या ओहोटीच्या पाण्यावर समोरून दुपारची लाट आदळली की दांड्यावर लाटा उभ्या राहतात आणि फुटतात. समुद्रात तासापूर्वी काहीच वाटलेलं नसतं आणि शेवटच्या दोनशे मीटरात होडी आडवी होते. दांडा नेहमी चढत्या पाण्यावर ओलांडायचा, निम्मी भरती झाल्यावर. तळ लागलाच तरी वाढतं पाणी उचलून घेतं. ओहोटीत रुतलात तर सहा तास तिथेच.

तुमच्या घरी कालनिर्णय असेलच. कोकणातल्या कुठल्याही तांडेलाला, म्हणजे होडीच्या प्रमुखाला, भरतीची वेळ विचारा, तो तिथीची पाऊणपट करतो. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहाला, पौर्णिमा-अमावास्येला साडेअकरा-बाराच्या सुमारास, दिवसा आणि रात्री दोन्ही वेळा. शुद्ध काय आणि वद्य काय, हिशेब एकच. गोव्याकडे जाल तशी वेळ थोडी अलीकडे सरकते, म्हणून नेमकी मिनिटं तक्त्यातूनच घ्यायची, पण आखणीला हे गणित पुरतं.

यावरून तुमची निघायची तारीख ठरवा. दुपारी दोन-तीनला आत शिरायचं आहे आणि तेव्हा पाणी चढतं हवं. पंचमीला पावणेचारला भरती, नवमीला पावणेसातला. म्हणजे पंचमी ते नवमी दुपारभर पाणी चढत असतं, आणि अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे कमी चढउताराची, भरती असल्याने खाडीतला प्रवाहही मवाळ असतो. पौर्णिमेला उलट. बाराला भरती होऊन गेलेली, दुपारी तीनला जोरात ओहोटी, उधाणाचा प्रवाह आणि समोरून खारा वारा, हे सगळं एकाच वेळी. त्या दिवशी दांड्याच्या खाडीत दुपारी शिरायचंच नाही.

म्हणून पंचमीला मुंबई सोडा. उत्तरेकडची बंदरं नवमीच्या आत पार करा. दशमीपासून दुपारी पाणी कमी असतं, तोवर तुम्ही जयगडच्या पुढे असाल, आणि तिथून खाली अशी बंदरं आहेत ज्यांना दांड्याची फिकीर नाही. 1880 च्या रत्नागिरी जिल्हा गॅझेटिअरमध्ये विजयदुर्गाबद्दल लिहिलंय की बंदराला दांडा नाही आणि कोणत्याही हवामानात आत जाता येतं. वाघोटन नदीच्या त्या बंदरात मी अनेक रात्री काढल्या आहेत, माझं इथलं नावही तिचंच घेतलंय. किल्ला उजवीकडे ठेवून आत जायचं, पण त्याला चिकटून नाही. पश्चिमेला पाण्याखाली दगडांची भिंतीसारखी रांग आहे. आत वळलं की पाणी एकदम सपाट. देवगडही तसंच, तिन्ही बाजूंनी जमीन. तोंड अरुंद आहे आणि मासेमारीच्या होड्यांची ये-जा फार, म्हणून उजेडातच शिरा.

जंजिऱ्याला किल्ल्याच्या बाहेर थांबू नका. राजपुरीच्या खाडीत आगरदांड्याकडे आत जा. मुरुडसमोर कासा किल्ल्याच्या आसपास खडक आहेत, तो भाग लांबून घ्या. जयगडला शास्त्री नदीचं तोंड खोल आहे, मोठी जहाजं येतात, त्यांचा मार्ग सोडून आत नांगरा. मालवणला मात्र अंधारात किंवा घाईत शिरू नका. सिंधुदुर्गाभोवती खडकांचं जाळं आहे, वाट वाकडी आहे आणि स्थानिक माणूस सोबत असेल तरच जा. ती 1987 पासून सागरी अभयारण्याची हद्द आहे. प्रवाळावर नांगर टाकायचा नाही, वाळूच बघायची.

सूर्यास्त_भरूच

वाघोटनकाकांनी दहेजचं राहू दिलं, ते मी लिहितो. नोकरी तिकडेच, घर कारेलीबागेत.

ताई, खंभातच्या आखातातून सुरुवात करू नका. कावी-कंबोईचं स्तंभेश्वराचं देऊळ तुम्ही पाहिलं असेल, भरतीला पूर्ण पाण्याखाली जातं आणि ओहोटीला बाहेर येतं. तिथे श्रावणात हजारो लोक जातात, पण तेच पाणी होडीखालून गेलं तर काय होईल याचा विचार कुणी करत नाही. आखात नरसाळ्यासारखं वर चिंचोळं होत जातं, त्यामुळे भावनगरला उधाणाला पाण्याचा चढउतार 10 मीटरांच्या वर जातो. भावनगर बंदराला पाणी अडवून धरायला लॉकगेट आहे ते याचसाठी. तुमच्या होडीच्या वेगापेक्षा तिथला प्रवाह जास्त असतो. प्रवाह उलटा असताना तुम्ही पुढे तोंड करून मागे जाल. शिवाय तळाची वाळू सरकती, पाणी गढूळ, आणि आडोसा म्हणावा अशी जागा नाही. गायकवाडांचं आरमारसुद्धा बिलिमोऱ्याला होतं, आखाताच्या पोटात नव्हतं.

आईंना मुंबईला घेऊन जा. रात्रीच्या गाडीने सकाळी पोचता येतं, आणि निरोप गेटवेला देता येईल. मलाही आई आहे, म्हणून एवढं सांगतो.

अनघा_दांडियाबाजार

काका, तुमचं उत्तर मी घरी मोठ्याने वाचून दाखवलं. आई मुंबईला यायला तयार आहे. काशीद, गुहागर आणि गणपतीपुळे यादीतून काढले. बाणकोटही काढला. हर्णै ठेवावं का? सुवर्णदुर्गाच्या आड जागा दिसते.

आणि साखळी किती सोडायची? दादाकडे 10 मिलिमीटरची 40 मीटर साखळी आणि पुढे 30 मीटर दोर आहे. मुंबईत तो कायम बांधलेल्या बोयाला होडी लावतो, त्यामुळे हा हिशेब कधी करावा लागला नाही.

वाघोटन

साखळी मोजताना आत्ता किती पाणी आहे ते धरायचं नाही, रात्रीत जास्तीत जास्त किती होईल ते धरायचं. समजा आगरदांड्याला ओहोटीचं पाणी 3 मीटर आहे, भरतीने आणखी 3 चढणार आहे, आणि नाळ पाण्यापासून 1 मीटर वर आहे. बेरीज 7. साखळी असेल तर पाचपट, म्हणजे 35 मीटर सोडा. दोर असेल तर सातपट, 49. तुमच्या 40 मीटर साखळीत शांत रात्र निघेल. वारा वाढला तर दोरही सोडा, पण तो नाळेवर घासतो तिथे जुना पाइप किंवा कापड गुंडाळून ठेवा.

दक्षिणेला जाल तसा भरतीचा चढ कमी होतो. गोव्यात उधाणालाही दोन मीटरांच्या आसपास. त्यामुळे हा हिशेब पुढे सोपा होतो.

तळ कसा आहे हे नकाशावर अक्षरांनी दिलेलं असतं, एम म्हणजे चिखल, एस म्हणजे वाळू, आर म्हणजे खडक. कोकणच्या खाड्यांत आतमध्ये चिखल असतो आणि तो नांगर चांगला धरतो. शंका असेल तर आमची लाँचवरची रीत वापरा. दोरीला शिशाचं वजन बांधा, त्याच्या बुडाला साबण लावा आणि खाली सोडा. वर काढल्यावर साबणाला चिखल लागलाय की वाळू की नुसता ओरखडा, ते कळतं. ओरखडा असेल तर पुढे चला. दोरीला दर मीटरला गाठ मारली तर खोलीही मिळते, आणि यंत्र बिघडलं तरी काम अडत नाही.

नांगर टाकल्यावर इंजिन हळूहळू मागे घ्या आणि साखळीवर हात ठेवा. नांगर धरत असेल तर साखळी ताणून गप्प राहते, घसरत असेल तर हाताला थरथर जाणवते. मग जमिनीवरच्या दोन वस्तू एका रेषेत धरा, देवळाचा कळस आणि त्यामागचा माड, असं काही. अशा दोन रेषा दोन वेगळ्या दिशांना हव्यात. अर्ध्या तासाने परत बघा. रात्रीसाठी दिवा असलेल्या वस्तू निवडा, नाहीतर अंधारात त्यांचा उपयोग नाही. मोबाइलचा गजरही लावा, पण डोळ्यांनी बघणं सोडू नका.

हर्णैबद्दल मी स्वतः लिहीत नाही. इथे एक ताई आहेत ज्यांचं माहेरच तिथलं आहे. त्या वाचत असतील तर लिहितील.

पाजपंढरीची_लेक

वाचते आहे काका. माझं माहेर हर्णैच्या शेजारचं, लग्नानंतर बडोद्याला मांडवीजवळ आले. माझे बाबा आणि दोन्ही भाऊ समुद्रावर आहेत.

अनघा, सुवर्णदुर्ग आणि किनारा यांच्या मधल्या पट्ट्यात जानेवारीत थांबता येतं. हवा स्थिर असेल तर रात्र जाते. पण संध्याकाळी तिथे मासळीचा लिलाव असतो आणि सगळ्या होड्या एकदम आत येतात. पाचच्या आधी पोच, आणि होड्या ज्या वाटेने येतात ती वाट आधी बघून घे. वाटेत नांगर टाकलास तर कुणी रागावणार नाही, पण अंधारात कुणाची तरी होडी तुझ्या साखळीत अडकेल. किनाऱ्याजवळच्या होडीला हाक मारून विचार, "दादा, कुठे टाकू?" ते हाताने जागा दाखवतात. माझ्या भावाला कुणी विचारलं तर तो स्वतः येऊन दाखवून जातो.

हवा थोडीही बिघडेल असं वाटलं तर तिथे राहू नकोस, दाभोळला नाहीतर जयगडला जा. आमच्याकडच्या लोकांना 2009 चं फयान वादळ आठवतं, ते नोव्हेंबरात आलं होतं. जानेवारीत वादळ येत नाही म्हणतात, पण बाबा रोज निघण्याआधी हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा ऐकतात. तुम्हीही ऐका. हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या संस्थेचा लाटांचा अंदाजही मराठीत मिळतो.

जाळ्यांचं मात्र नीट ऐक, कारण हे शहरातल्या लोकांना कुणी सांगत नाही. मुंबईपासून रायगडपर्यंत डोल जाळी लावलेली असतात. ती प्रवाहात तोंड उघडून एका जागी बांधलेली असतात, वर पिंपं किंवा थर्माकोलचे बोये तरंगतात. दोन बोयांच्या मधून जाऊ नकोस. मधे दोर असतो, पंख्यात गुंतला तर इंजिन बंद पडतं आणि त्यांचंही जाळं जातं. जाळं म्हणजे त्या घराचा हंगाम असतो. काठीला झेंडा बांधलेला दिसला तर त्याच्या बाहेरून मोठा वळसा घे. सिंधुदुर्गात पुळणीवर रापण लावतात, किनाऱ्यापासून आत अर्धवर्तुळ करून दोन्ही टोकं माणसं ओढतात. सकाळी पुळणीसमोर नांगर असेल तर तुझी होडी त्या वर्तुळात येते. म्हणून तिथे उजाडायच्या आत निघ.

पहाटे पाचला निघताना अंधार असतो. नाळेवर एकाने टॉर्च घेऊन उभं राहा, बोये बघत. वेग कमी ठेवा. आणि रात्री नांगरावर असताना वर पांढरा दिवा लावलेला हवाच. आमच्या होड्या रात्री दोन-तीनला निघतात.

अनघा_दांडियाबाजार

ताई, हे सगळं वहीत उतरवलं. आता बेत असा आहे. पंचमीला मुंबईहून निघून आगरदांडा. षष्ठीला हर्णै, हवा चांगली असेल तरच. नाहीतर आगरदांड्यालाच एक दिवस जास्त. सप्तमीला दाभोळ, अष्टमीला जयगड, नवमीला तिथेच विश्रांती. मग जयगड ते विजयदुर्ग 45 मैल एका दमात होईल असं वाटत नाही, म्हणून मधे रत्नागिरी. पुढे देवगड, आणि मालवण फक्त कुणी स्थानिक सोबत मिळालं तर, नाहीतर देवगडहून पहाटे लवकर निघून थेट आग्वाद.

काका, यात कुठे चुकतंय?

वाघोटन

बेत चांगला आहे. दोनच गोष्टी.

देवगड ते आग्वाद 54 मैल आहे, साडेचारच्या वेगाने बारा तास. जानेवारीत सूर्य सव्वासहाला बुडतो. पहाटे पाचला निघालात तरी पोचायला पाच वाजतील आणि वारा पडला तर अंधार. त्या दिवशी रात्री दोनला निघा, मतलई तेव्हा भरात असतो, आणि वेंगुर्ल्याच्या खडकांना दिवसाउजेडी ओलांडा. ते किनाऱ्यापासून बरेच बाहेर, पश्चिमेला आहेत. त्यांच्यावर दीपगृह आहे, पण आजूबाजूला पाण्याखाली खडक आहेत. तोवर तिथी पौर्णिमेकडे गेलेली असेल, म्हणून गोव्याच्या मांडवी नदीत संध्याकाळी शिरायचा हट्ट करू नका. आग्वादच्या टोकाच्या दक्षिणेला, वायव्येच्या आड थांबा, सकाळी चढत्या पाण्यावर आत जा.

दुसरी गोष्ट, प्रत्येक दिवसासाठी एक मागचं बंदर ठरवा, फक्त पुढचं नको. दुपारी बाराला जिथे असाल तिथून पुढचं बंदर गाठणं जमणार नसेल तर मागचं किती लांब आहे, हे आदल्या रात्रीच वहीत लिहून ठेवा. खारा वारा समोरून घेऊन मागे जाणं कठीण असतं, म्हणून तो निर्णय बाराच्या आत घ्यायचा. पूर्णगडला दांडा आहे, तेव्हा रत्नागिरी ते विजयदुर्गच्या टप्प्यात आधार म्हणून त्याच्यावर विसंबू नका.

प्रत्येक बंदरात मेरीटाइम बोर्डाच्या कार्यालयात आणि सागरी पोलिसांकडे नोंद करा. होडीची कागदपत्रं, चौघांची ओळखपत्रं आणि निघाल्याचं बंदर-पोचायचं बंदर लिहिलेला कागद हाताशी ठेवा. व्हीएचएफ रेडिओ 16 नंबरवर कायम चालू. तटरक्षक दलाचा तातडीचा क्रमांक 1554 चौघांच्याही फोनमध्ये हवा. फोन पिशवीत घालून पिशवीचं तोंड घट्ट बंद ठेवा, ओल्या हातात तो पहिल्याच लाटेला जातो.

परतीचं तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगतो. गोव्याहून वर येताना दुपारचा वारा नाकावर असतो. दादांना होडी परत आणायची असेल तर रोज रात्री दोनला निघून दहाच्या आत टप्पा संपवावा, टप्पे निम्मे करावेत, आणि डिझेल दुप्पट धरावं.

अनघा_दांडियाबाजार

दोनला निघायचं म्हणजे देवगडच्या अरुंद तोंडातून अंधारात बाहेर पडावं लागेल ना? आणि त्याच वेळी मासेमारीच्या होड्याही निघत असतील.

पाजपंढरीची_लेक

त्यांच्या मागूनच निघ. आदल्या संध्याकाळी शेजारच्या होडीच्या तांडेलाला सांगून ठेव की आम्हालाही दोनला जायचं आहे. तो त्याच्या मागे यायला सांगेल. त्याच्या मागच्या दिव्यावर नजर ठेव, अंतर दोन होड्यांएवढं राख, आणि बाहेर मोकळ्या पाण्यात तो वळला की तू सरळ दक्षिणेला लाग.